मागच्या ओळीपर्यंत

देवळाली प्रवरा
९ सप्टेंबर २०२४

चि. शॅरन हिला,

पीटरआजोबाचा सलाम आणि आशीर्वाद.

फोनवर मला आताशा फक्त खरखर ऐकू येते, म्हणून पत्र लिहितो. तू पुण्यात लाकडी कॅमेऱ्यानं फळांचे, भांड्यांचे फोटो काढतेस, असं तुझे बाबा सांगून गेले. ते ऐकलं आणि मी शिडी लावून माळ्यावर चढलो. तुझ्या पणजोबांचा, म्हणजे आमच्या जोसेफ मास्तरांचा मोठ्या काचेचा फुल प्लेट कॅमेरा अजून तिथंच आहे. भात्याला एक भोक पडलं होतं, ते काळ्या पट्टीनं बुजवलं. डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि मागच्या दुधी काचेत पाहिलं. अंगणातलं लिंबाचं झाड उलटं लटकलेलं, कोंबड्या आभाळातून पाय टाकत चाललेल्या. मी किती वेळ आत होतो कोण जाणे. बाहेर आलो तेव्हा चहावर साय धरली होती.

आता कामाचं सांगतो. तुझी दयाआजी, माझी थोरली बहीण, मे महिन्यात पडली. कमरेचं हाड मोडलं, आता पारनेरला मुलाकडं खाटेवर असते. आपल्या चर्चचा कापणीचा सण नोव्हेंबरात. प्रत्येक घर आपल्या पिकातलं काही आणून वेदीपुढं ठेवतं, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. ते टेबल सेहेचाळीस वर्षं दयाआक्कानं लावलं. कुणी काय आणलं यावरून ती घर ओळखते. हुलग्याची वाटी म्हणजे कडूबाई, पानांसकट कणसं म्हणजे एडविनचं घर. यंदा ती नसेल.

गेल्या आठवड्यात भेटायला गेलो तर हात धरून म्हणाली, "पीट्या, मला एकदा टेबल दाखव. सगळं. मागच्या ओळीपर्यंत. मग प्रभूनं खुशाल न्यावं."

मोबाईलवर काढू का म्हटलं, तर म्हणाली, "मोबाईलात पुढचा भोपळा दिसतो आणि मागं धुकं."

तिचं खरं आहे. मागच्या ओळीत उशिरा येणारे, लाजणारे, एक मूठभर आणणारे लोक असतात. धुक्यात गेले तर ते यंदा आलेच नाहीत असं होईल. तर पोरी, पहिल्या पाटीपासून शेवटच्या वाटीपर्यंत सगळं सारखंच लख्ख कसं आणायचं, ते मला शिकव. आणि फिल्म कुठं मिळते तेही.

तुझा,
पीटरआजोबा

◆

पुणे
१७ सप्टेंबर

प्रिय आजोबा, सलाम.

शिडीवर चढलात हे बाबांना सांगितलेलं नाही. पुन्हा चढलात तर सांगेन.

सोबत फिल्मचं पाकीट आहे. ही एक्स-रेची फिल्म आहे, मी फुल प्लेटच्या मापात कापली आहे. दोन्ही बाजूंना फोटो उमटवणारा मसाला असतो, नखसुद्धा लागू देऊ नका. लाल दिव्यात भरली तरी चालेल.

आता तुमचा प्रश्न. जेवढा कॅमेरा मोठा, तेवढी स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद. मोबाईलला धुकं पडतं म्हणता, तुमच्या कॅमेऱ्याला त्याहून जास्त पडेल! मोबाईल बिचारा उगाच बदनाम झाला. पण मोठ्या कॅमेऱ्यात दोन उपाय असतात. पहिला, भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं. पट्टी रुंद होते, पण उजेड कमी येतो, म्हणून भिंगावरचं झाकण चार मिनिटं काढून ठेवावं लागतं. दुसरा सोपा. तुमच्या कॅमेऱ्याची मागची चौकट कलते. तिचा माथा थोडा मागं कलवा. मग फोकसची पट्टी उभी न राहता टेबलावर सतरंजीसारखी आडवी पसरते. पुढचं, मागचं एकदम. मी तर नेहमी तेच करते.

ओसरीवर भांडी मांडून एकदा करून बघा आणि फिल्म माझ्याकडं पाठवा, मी धुते.

शॅरन

◆

देवळाली प्रवरा
२ ऑक्टोबर

चि. शॅरन,

तू सांगितलंस तसं केलं. ओसरीवर पाच ओळी मांडल्या. पुढं लाल भोपळा, मग डबे, गाडगी, शेवटी मीठ भरलेली वाटी. मागची चौकट कलवली. काय सांगू, सगळं एकदम जागं झालं! वर्गात हजेरी घेताना सगळी पोरं एका सुरात "हजर" म्हणावीत तसं.

पण मग मी नीट पाहिलं. चौकट कलवली की पुढचा भोपळा फुगतो. आणि मागची मिठाची वाटी होती त्याहून बारीक होते. पट्टी घेऊन काचेवर मोजलं. भोपळा बोटभर वाढला, वाटी आक्रसली.

शॅरन, हे चालणार नाही. पुढचा भोपळा दर वर्षी आबासाहेबांचा असतो, तो आधीच मोठा आहे. त्याला आणखी मोठा करून कडूबाईची वाटी बोराएवढी केली, तर आक्का माझी शाळाच घेईल. तिचा डोळा तुला माहीत नाही. ती लहानपणी माझ्या पाटीवरचा एक काना लांबून ओळखायची.

म्हणून चौकट सरळ ठेवतो. छिद्र बारीक करतो, भिंगावर चौसष्ट आकडा आहे तिथपर्यंत. वेळ लागू दे. माझ्याकडं दुसरं काय आहे?

एक फिल्म चौकट कलवून काढली होती, दुसरी अशी सरळ ठेवून काढली आहे. शेजारचा वाल्मिक टेम्पो घेऊन पुण्याला कांदा टाकायला येतो, त्याच्याबरोबर दोन्ही पाठवतो.

आजोबा

◆

पुणे
११ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

भोपळ्याचं तुमचं बरोबर आहे. हे मला माहीत होतं, पण भोपळ्याची बाजू घेऊन किंवा वाटीची बाजू घेऊन मी कधी विचार केला नव्हता. गप्प बसते. चौकट सरळच ठेवा.

मग असं करा. पुढच्या पाटीवर फोकस करा, कॅमेऱ्याच्या खालच्या पट्टीवर पेन्सिलची खूण करा. मग सगळ्यात मागच्या वस्तूवर फोकस करा, दुसरी खूण. मधलं अंतर मोजून बरोबर अर्ध्यावर थांबा. पुढची पाटी कॅमेऱ्यापासून सात फूट आणि मागची ओळ बारा फूट असेल, तर खुणांमधे साधारण बावीस मिलिमीटर येतील. चौसष्टला ते पुरतं. त्याहून जास्त आले तर ओळी जवळ घ्या. आणि काच त्या वेळी अंधारी दिसेल, घाबरू नका. फोकस आधी मोठ्या छिद्रावर करायचा, छिद्र नंतर मिटायचं.

दुसरी फिल्म धुतली. शेवटची वाटी अशी स्पष्ट आलीय की मिठाचे खडे दिसतात. पण आजोबा, फिल्म फार जळलीय. पांढरं ते सगळं एक गोळा. मी चार मिनिटं सांगितली होती. तुम्ही चारच दिलीत ना? कुठल्या घड्याळानं मोजलीत?

शॅरन

◆

देवळाली प्रवरा
२० ऑक्टोबर

चि. शॅरन,

घड्याळानं नाही मोजली.

माझे बाबा, जोसेफ मास्तर, फोटो काढायचे तेव्हा खिशातलं घड्याळ मिशनच्या साहेबाकडं होतं, त्यांच्याकडं नव्हतं. म्हणून त्यांनी शाळेसाठी एक बारमासी रचली होती. बारा महिन्यांची बारा कडवी. एक कडवं चालीवर म्हटलं की वीस सेकंद. चार मिनिटं म्हणजे चैत्र ते फाल्गुन. झाकण काढायचं आणि म्हणायला लागायचं. आम्ही पोरं वर्गात तीच कविता म्हणायचो. मीही पुढं अडतीस वर्षं पोरांकडून म्हणवून घेतली.

चैत आला वेशीपाशी, लिंबाखाली सडा,
वाऱ्यासंगे बोलत बसला पाण्यावाचून घडा.

अशी सुरू होते. ही कविता चुकणं शक्य नाही. बाबांनी ती पट्टीवर आखल्यासारखी आखली होती.

तुझं पत्र आलं तेव्हा वाल्मिक बसला होता. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गुरुजी, म्हना बरं एकदा. मी मोबाईल लावतो."

म्हटली. मोबाईल बघून हसायला लागला. "एका कडव्याला एकतीस सेकंद. लई लांबलंय तुमचं."

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

पुन्हा एकतीस. श्रावणाला तर चाळीस. "तिथं तुमी मधीच थांबता," वाल्मिक म्हणतो, "डोळं मिटता. उसासा टाकता. त्येबी फिल्मवर पडतंय का न्हाई?"

मी रागावलो. म्हटलं, तुझा मोबाईल बिघडलाय. मग तो गेल्यावर एकटाच ओसरीत बसून पुन्हा म्हटली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. एकतीस.

शॅरन, मला कळलंच नाही ग. मला अजून ती तशीच ऐकू येते, शाळा सुटताना पोरं म्हणायची तशी, धावती. कविता तीच, चाल तीच, आणि मी मात्र कुठल्या कुठं हळू झालोय. आता मोजू कशानं?

आजोबा

◆

पुणे
१ नोव्हेंबर

प्रिय आजोबा,

घड्याळ लावू नका. घड्याळाकडं बघत बसलात तर कॅमेऱ्याला धक्का लावाल.

कवितेनंच मोजा. फक्त बारा नाही, आठ कडवी म्हणायची. एकतीस आठे दोनशे अठ्ठेचाळीस, चार मिनिटं भरली. श्रावणात उसासा टाकायचाच असेल तर आठवं कडवं जरा लवकर उरका.

आठ म्हणजे चैत्रापासून कार्तिकापर्यंत. मी कॅलेंडर बघितलं, तुमचा सण कार्तिकातच आहे. बरं झालं ना?

वाल्मिककडं नवी फिल्म दिलीय, चार तुकडे. जपून.

शॅरन

◆

देवळाली प्रवरा
१२ नोव्हेंबर

चि. शॅरन,

झालं.

उपासना संपली, लोक बाहेर चहाला गेले. आणलेल्या जिनसांच्या लिलावाला अर्धा तास होता. मी दार लोटून घेतलं. टेबल मी आणि एडविननं लावलं होतं, आक्काच्या आठवणीनं, म्हणजे निम्मं चुकीचं. पुढं चटईवर आबासाहेबांचा भोपळा आणि बाजरीच्या पाट्या, मग बाकावर अंडी, लसूण, ग्रेसनं आणलेली घोसाळी, मग टेबलावर वाट्या, आणि पाठीशी उसाची मोळी उभी. खुणा केल्या. चोवीस मिलिमीटर आले. भोपळा चार बोटं मागं सरकवला, बावीस झाले. मोळीच्या दोरीवर बघून मागचा फोकस धरला, मग अर्ध्यावर आलो. छिद्र मिटलं. काच अशी अंधारली की आत सगळं तळ्याच्या तळाशी गेल्यासारखं वाटलं. वर उलटी बाजरी, खाली उसाची पानं, आणि खिडकीतून ऊन येऊन त्यात पोहत असलेलं.

झाकण काढलं. मोठ्यानं नाही म्हटली, मनात म्हटली, ओठ हलवत. रिकामं चर्च, बाहेर पोरांचा गलका, आणि मी आपला चैत्रातून वैशाखात, वैशाखातून ज्येष्ठात. श्रावणाला थांबलो असेन. थांबलोच. मला वाटलं, आक्का आत्ता मागून येईल आणि म्हणेल, अरे, कणसांची तोंडं पूर्वेला कर. आठव्या कडव्याला आलो.

कार्तिक आला खळ्यावरती, कणसांची ही रास,
पाखरांनो, आधी घ्या रे तुमचा तुमचा घास.

"घास" म्हटलं आणि झाकण लावलं.

एकच काढला. दुसरा काढायला गेलो तर दारावर थापा पडायला लागल्या. फिल्म सोबत आहे. बिघडली असेल तर मला हळूच सांग.

आजोबा

◆

पुणे
२५ नोव्हेंबर

प्रिय आजोबा,

बिघडली नाही.

धुवून दिव्यासमोर धरली आणि मी खुर्चीवर बसले. बाजरीचा दाणा न दाणा. अंड्यावरची पेंढ्याची काडी. उसाच्या मोळीची दोरी कशी पिळलीय तेही. माझ्याबरोबर काम करणारी मोनिका म्हणाली, हे कोणी काढलं? मी म्हटलं, आठ महिन्यांत काढलंय.

फिल्मच्याच मापाचे दोन प्रिंट केले, मोठे केले तर काही धूसर होईल म्हणून. एक तुमचा, एक आजीचा. भिंग घेऊन बघा, सावकाश. पण आजीचा आधी पाठवा. लगेच.

शॅरन

◆

पुणे
३ जानेवारी २०२५

प्रिय आजोबा,

नाताळाचं कार्ड आलं, केक पोचला. पण आजी काय म्हणाली ते तुम्ही लिहिलंच नाही. तिनं फोटो बघितला ना? पाचेक आठवडे झाले. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, कसला फोटो?

शॅरन

◆

देवळाली प्रवरा
९ जानेवारी

चि. शॅरन,

पाठवला नाही.

दोन्ही प्रिंट आपापल्या पाकिटातून काढलेसुद्धा नाहीत, कपाटात आहेत, बायबलाखाली. नाताळात पारनेरला गेलो, तेव्हा तिचं पाकीट पिशवीत होतं. आक्का म्हणाली, "पीट्या, झालं का रे?" आणि मी म्हटलं, "शॅरन अजून धुतेय." तुझं नाव घेऊन खोटं बोललो, माफ कर.

तिचं ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. मला एकदा टेबल दाखव, मग प्रभूनं खुशाल न्यावं. ती बोलते ते करते. आईच्या मागं तिनं मला वाढवलं, शाळेत हाताला धरून नेलं. ती बाकावर बसली नाही तोवर मी माझ्या वर्गात जायचो नाही. आता मीच तिच्या हातात जायचं तिकीट द्यायचं?

मी म्हातारा झालो तरी तिचा धाकटा आहे ना.

आजोबा

◆

पुणे
१४ जानेवारी

आजोबा,

रागावून लिहितेय, समजून घ्या.

तुम्ही मला सांगितलंत, मागच्या ओळीतले धुक्यात गेले तर ते आलेच नाहीत असं होईल. मग आता? अख्खं टेबल बायबलाखाली आहे. पुढची ओळ, मागची ओळ, सगळंच.

आणि आजी कधी जाणार ते तुमच्या कपाटावर ठरत नाही. ती वाट बघत गेली तर?

वाल्मिकदादाला मी फोन केला आहे. तो गुरुवारी पारनेरला कांद्याच्या बाजाराला जातोय. आजीचं पाकीट त्याच्याकडं द्या.

तुमची शॅरन

◆

पारनेर
२७ जानेवारी

ती. पीटरमामा यांस,

तुमच्या भाचेसुनेचा, जयाचा साष्टांग सलाम.

मामा, मी कधी कुणाला एवढं मोठं पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. फोटो गुरुवारी पोचला. आधी एक गोष्ट सांगते, ती आईंनी तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. ती मी आज मोडते. आईंना दिसत नाही. उजवा डोळा आधीच गेला होता, डावा पावसाळा सरता सरता गेला. मी नर्स आहे, मला पहिल्या आठवड्यातच कळलं. नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले आता उपाय नाही. तुम्ही आलात की त्या तुमच्या आवाजाकडं तोंड करून बसतात, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नाही.

मी पाकीट फोडलं आणि मला रडू आलं. म्हटलं, एवढ्या कष्टानं काढलेला फोटो, आता यांना कसा दाखवू. पण त्याच म्हणाल्या, "आण इकडं. तुला दिसतंय ना? मग तू सांग."

मी श्रीगोंद्याची, तुमचा सण कधी बघितला नाही, रविवारी माझी ड्यूटी असते. तिथलं एक माणूस ओळखत नाही. तरी सांगायला बसले. भिंग घेतलं. म्हटलं, पुढं भोपळा आहे, देठाजवळ चीर आहे. "आबासाहेब," त्या म्हणाल्या. पाटीत बाजरी आहे, कणसं आखूड आहेत. "सूर्यभान. यंदा पाऊस कमी झाला वाटतं त्याच्याकडं." बाकावर घोसाळी, एक वाकडं. "ग्रेस. वाकडं मुद्दाम आणते, हसते मेली." मामा, मी म्हणत होते आणि त्या नावं घेत होत्या. दर नावाला थांबायच्या, त्या घराचं एकेक सांगायच्या. तीन दिवस लागले आम्हाला. रोज एक ओळ. त्या दिवसांत त्यांनी भाकरी दीड खाल्ली, एरवी अर्ध्यावर हात धुतात.

मधे मला शंका आली, या अंदाजानंच बोलतात की काय, म्हणून मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. म्हटलं लसणाची जुडी सुटी आहे. त्या लगेच म्हणाल्या, "नीट बघ. वेणी घातलेली असणार." खरंच वेणी होती. एवढं बारीक दिसतंय म्हणून मला सांगता आलं.

शेवटच्या ओळीत हुलग्याची वाटी सापडली. "कडूबाई," म्हणाल्या आणि डोळे पुसले. मला वाटलं संपलं. पण वाटीच्या मागं, उसाच्या मोळीला टेकून, तीन फळं आहेत. लांबट, मुठीएवढी, अंगावर उभ्या रेघा. मी म्हटलं, काकड्या असतील. त्यांनी रेघा कशा आहेत, टोक कसं आहे, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "शेंदाडं आहेत ती. बाजरीत आपोआप उगवतात. आपल्याकडं कालव्याचं पाणी आल्यापासून मी पाहिली नाहीत. मी तेव्हा परकरी होते."

कुणाची ते त्यांना सांगता येईना. सगळी घरं बोटांवर घेतली, दोनदा घेतली. तेव्हापासून एकच चाललंय. "पीट्याला विचार, शेंदाडं कुणाची. ते कळल्याशिवाय मी टेबल पाहिलं असं म्हणणार नाही."

म्हणून पत्र. लवकर कळवा.

तुमची,
जया

◆

देवळाली प्रवरा
६ फेब्रुवारी

चि. शॅरन,

जयाचं पत्र सोबत जोडलं आहे, ते आधी वाच आणि मग हे.

वाचलंस? मीही ते वाचून बराच वेळ अंगणात बसलो. मला दिसत होतं की ती माझ्याकडं बघते. ती माझ्या आवाजाकडं बघत होती.

मग उठलो आणि कपाटातून माझा प्रिंट काढला. पहिल्यांदाच पाहिला, बघ. भिंग लावून शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. आहेत. तीन शेंदाडं, मोळीच्या सावलीत. टेबल मी लावलं, फोटो मी काढला, मोळीच्या दोरीवर फोकस धरला, आणि तिच्याशेजारचं हे मला दिसलं नव्हतं. छिद्र बारीक केलं म्हणून ते आपोआप आत आलं.

एडविनला विचारलं, ग्रेसला विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. वाल्मिक डोकं खाजवत म्हणाला, "थांबा गुरुजी. सणाच्या सकाळी एक बाई इचारत हुती, आत ठिवायला कुनाला बी चालतं का. मी म्हनलं, चालतंय की." ऊसतोडीची बाई, कारखान्याच्या रस्त्याला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्यात तिथली. आम्ही दोघं गेलो. कोप्यांना उसाच्या पाचटाचा वास, चुली पेटलेल्या. चार ठिकाणी विचारत विचारत पोचलो. दिपाली नाव. पार पूर्वेकडची, पाथर्डीच्या पलीकडची. मोळ्या बांधून हात कापलेले. आधी घाबरलीच. तिला वाटलं आम्ही तक्रार घेऊन आलोय.

"गावाकडून येताना बाजरीतली आणली हुती," ती म्हणाली. "लोकं समदी कायबाय घिऊन आत चालली हुती. मला वाटलं आपुन बी ठिवावं. पर आमी तुमच्यातलं न्हाई, कुनी इचारलं तर काय सांगू? म्हून मागं ठिवली, उसाच्या आड. चुकलं का गुरुजी?"

मी म्हटलं, "बाई, पारनेरला एक म्हातारी आठ दिवस तुझं नाव शोधतेय."

ती हसली. पदर तोंडाला लावून. "माझं? माझं नाव कशाला शोधतीय?"

घरी आलो. आता खरं सांगतो, दोन दिवस गेलो नाही. नाव हातात होतं आणि पाय उचलेना. नाव सांगितलं की आक्काचं टेबल पुरं होणार. तुझं रागाचं पत्र पुन्हा वाचलं, आणि काल सकाळच्या एसटीनं गेलो.

आक्का उशीला टेकून बसली होती. या वेळी मी नीट पाहिलं, तिचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडं गेलेले. जवळ बसलो, हात हातात घेतला आणि सांगितलं. दिपाली, पाथर्डीच्या पलीकडची, ऊसतोडीची, बाजरीतली शेंदाडं, उसाच्या आड का ठेवली तेही.

बाहेर जयानं कुकर लावला होता, त्याच्या तीन शिट्या झाल्या. मला बाबांची कविता आठवेना, काहीच आठवेना. मी फक्त तिच्या मनगटावर, नाडीवर ठेवलेलं बोट सोडत नव्हतो.

मग म्हणाली, "लेकरं किती?"

"कुणाला?"

"त्या दिपालीला रे. लेकरं किती? शाळेत जातात का? माहेर कुठलं तिचं?"

मी म्हटलं, विचारलं नाही.

"मग विचारलंस काय, माती?" आणि जयाला हाक मारली. "जया, स्वैपाकघरातून काय असेल ते आण. कांदे, बटाटे, वाट्या. सगळं आण."

जयानं सूप भरून आणलं. आक्कानं गोधडी हातानं सपाट केली आणि एकेक वस्तू चाचपून मांडायला लागली. हा भोपळा, म्हणून मोठा कांदा. ही सूर्यभानची पाटी. ही अंडी, पुढं नकोत, लाथ लागते. तिची बोटं एकदाही अडखळली नाहीत. मी मांडलेलं टेबल जयाच्या तोंडून ऐकून तिला पाठ झालं होतं, आणि ती त्यातली माझी एकेक चूक दुरुस्त करत होती. घोसाळी डावीकडं. लसूण उंचावर, वेणी दिसली पाहिजे. कणसांची तोंडं खिडकीकडं.

शेवटी सुपात तीन बटाटे उरले. लांबट बघून काढले तिनं. मला वाटलं, मागं ठेवील. तिनं कांदा थोडा सरकवला, पाटी थोडी सरकवली, आणि अगदी पुढं, मधोमध, जागा केली. तिथं ते तीन बटाटे शेजारी शेजारी ठेवले.

"हे तिचं," म्हणाली. "ती नोव्हेंबरात पुन्हा येईल तोडीला. तू ठेवू नकोस, तुला ठेवता येत नाही. मी येते."

तुझा,
पीटरआजोबा